राखणदाराच्या वळणावरची फियाट

ज्या मोटारीची हकीकत सांगण्यास मी प्रवृत्त झालो आहे, ती बदामी रंगाची जुनी फियाट असून तिचे वास्तव्य कापडे या गावातील आमच्या गोठ्याच्या अर्ध्या भागात आहे. माझे ज्येष्ठ बंधू मुंबईत एका शेटजींचे चालक होते. शेटजींनी नवी गाडी घेतली तेव्हा जुनी बंधूंना दिली, आणि चाळीत जागा नसल्यामुळे बंधूंनी ती माझ्या स्वाधीन केली. गोठ्याच्या उरलेल्या अर्ध्या भागात म्हशी आहेत. माझी पत्नी चंद्राबाई हिच्या मते गोठा संपूर्णच म्हशींचा आहे.

गाडीत न्यून असे एकच होते. गावाबाहेरची चढण चढून राखणदाराच्या वळणावर आले, की ती बंद पडे. तेथे शेंदूर लावलेला पाषाण असून तो गावाची शीव सांभाळतो. गाडी थांबली की माझी आत्या बनुबाई पिशवीतून नारळ काढी, पाषाणापुढे फोडी, सविस्तर गाऱ्हाणे घाली, खोबरे वाटी आणि म्हणे, "आता मार चावी." गाडी तत्क्षणी सुरू होई. या प्रकाराची कीर्ती पोलादपूरपर्यंत पसरली होती.

महाडच्या महिपती मिस्त्रींनी मात्र मला ज्ञान दिले.

"रावजीभाऊ, नारळाचा काय संबंध नाय. चढणीला इंजिन तापतं, पंपातलं पेट्रोल उकळून त्याची वाफ होते. पंप पेट्रोल ओढतो, वाफ नाय ओढत. म्हातारी गाऱ्हाणं घालीपर्यंत तो थंड होतो, इतकंच."

"आणि गाऱ्हाणे आखूड घातले तर?"

"तर चालू नाय व्हायची."

हे ज्ञान मी घरी निवेदन केले. आत्या म्हणाली, "वाफ व्हायला पेट्रोल काय भाताचं आधण हाय?"

अशा स्थितीत माझी पुतणी, म्हणजे याच बंधूंची मुलगी, अंकिता हिचा विवाह महाडच्या कार्यालयात ठरला. वडिलांच्या गाडीतूनच मांडवात जाईन, असा तिने हट्ट धरला. चंद्राबाईने संमती दिली; परंतु रात्री भाकरी वाढताना मला बजावले, "जाऊ दे तिला. पण गाडी वाटंत बंद पडली, तर दुसऱ्या दिवशी भंगारवाला बोलवीन. म्हशीला बसाया जागा नाय नि हितं मोटार झोपल्ये."

चंद्राबाई बोललेले मागे घेत नाही. तेव्हा फियाटचे प्राण आता माझ्या हाती आहेत हे ओळखून मी कामास लागलो.

प्रथम मी पेट्रोलची टाकी उतरवली, तिच्यात सायकलची जुनी साखळी घातली आणि अंगणात खळखळा हलवून आतला गंज सुटा केला. तो आवाज ऐकून शेजारी कोणाची पालखी आली म्हणून पाहावयास आले. रबरी नळ्या बदलल्या, कारण हल्लीच्या पेट्रोलातले स्पिरिट जुन्या रबराला खाते, असे मिस्त्रींनी सांगितले होते. यात गाडीच्या निर्मात्यांना दोष देता येत नाही; त्यांच्या काळी पेट्रोलच निराळे होते. कार्बोरेटरचे सूक्ष्म भाग मी स्वयंपाकघरातील परातीत धुतले. पुढे कित्येक दिवस आमच्या भाकरीला पेट्रोलचा वास येत होता, परंतु माझे चित्त कार्यात गुंतल्यामुळे मला तो जाणवला नाही. इतरांना जाणवला. अखेरीस इंजिन व पंप यांच्यामध्ये पत्र्याचा आडोसा बसवला आणि लग्नाच्या सकाळी पंपाला ओला फडका गुंडाळला.

बंधूंसह सारे वऱ्हाड एसटीने पुढे गेले होते. गाडीत नववधू, चंद्राबाई आणि नारळाची पिशवी घेतलेली आत्या बसली. वैशाखाचे ऊन तापले होते. चढण लागली. इंजिनाचा सूर ढळला नाही. वळण आले आणि गेले, गाडी आपली चालतच राहिली. माझा ऊर भरून आला. मागे कोणीच बोलेना, तेव्हा त्यांचेही भरून आले असावेत असे मला वाटले.

"रावजी," आत्या म्हणाली, "राखणदार मागं ऱ्हायला."

"होय आत्ये, राहिला," मी अभिमानाने म्हणालो.

"नवरी शीव वलांडत्ये नि देवाला नारळ नाय? मागं घे गाडी."

इतकी वर्षे थांबण्याचे काम गाडीच करीत आल्यामुळे 'थांब' म्हणण्याची सवय कोणालाच उरली नव्हती, आणि स्वतः थांबण्याची मला.

"परतताना फोडू."

"परतताना ती दुसऱ्याची झालेली असंल."

"काका, घ्या ना मागे," अंकिता म्हणाली. "नाहीतर ही मंगलाष्टकांत पण हेच बोलत बसेल."

मान खिडकीबाहेर काढून मी गाडी उलटी नेली. इंजिन चालू ठेवण्याचा माझा मानस होता, परंतु आत्या म्हणाली, "देवाम्होरं घुरघुर नको." मी चावी फिरवून इंजिन बंद केले. मुहूर्ताच्या धास्तीने "आत्ये, आवरा," असे म्हणत राहिलो. तिने गाऱ्हाणे अर्ध्यावर आटोपले आणि आम्ही गाडीत बसलो.

गाडी सुरू होईना.

मी चंद्राबाईकडे पाहिले नाही. बॉनेट उघडले तो फडका पापडासारखा वाळलेला.

"अर्धं ऐकवलंस देवाला," आत्या म्हणाली. "सर बाजूला." आणि तिने गाऱ्हाणे पहिल्यापासून घातले. त्यात गाव, भावकी, मुंबईची माणसे, नवऱ्याकडचे, त्यांची गुरे, सर्व आले. तेवढ्यात मी अंकिताची पाण्याची बाटली फडक्यावर रिती केली. दोघांची कार्ये बरोबरच संपली. चावी मारली. गाडी सुरू झाली.

मुहूर्त साधला, परंतु माझे मन खिन्न होते. गाडी वाटेत बंद पडली, हे सत्य होते. आत्या मात्र मांडवभर सांगत सुटली की गाडी पुढे गेली होती, राखणदाराने तिला माघारी बोलावले. ते ऐकून विहीणबाई स्वतः बाहेर गेल्या आणि बॉनेटला कुंकू लावून आल्या.

पंगतीत चंद्राबाई वाढावयास आली, तेव्हा मी हळूच विचारले, "उद्या बोलावतेस का त्याला?"

"कुणाला?"

"भंगारवाल्याला."

"यडे का काय तुम्ही. इहिणीनं कुंकू लावलेली वस्तू भंगारात देत्यात? पाचपरतवनाला जोडा माहेरी ह्याच गाडीतनं न्या म्हनल्या त्या. मी हो म्हनलं." मग ती वाकून म्हणाली, "पण त्या पंपाला परत हात लावायचा नाय. देव बोलवील तवा थांबू दे तिला."

माझ्या शेजारी महिपती मिस्त्री जेवत होते. त्यांनी हातातला घास ताटात ठेवला. "वहिनी, देवाचं काय नाय त्यात. तो पंप—"

शास्त्राविषयी माझ्या अंतःकरणात पूर्ण आदर असूनही मी ताटातील जिलेबी उचलून आग्रहाने मिस्त्रींच्या मुखात घातली. ते डोळे वटारून चावू लागले. त्यांचा घास उतरण्यापूर्वी मी दुसरी हातात धरली होती.