आख्खी डिस्क

नखात चिकटा भरला होता. संगणकाच्या कॅबिनेटच्या दर्शनी भागावरचं ते चार खिडक्यांचं निळं स्टिकर अर्धं निघालं होतं आणि अर्धं फाटून तिथंच बसलं होतं. खरवडावं तसा कागद निघत नव्हता, खालचा डिंक तेवढा वर येत होता – करडा, केसाळ, दहा वर्षांची धूळ खाल्लेला. ओमप्रकाशनं बोट पँटला पुसलं. पँटला डिंक लागला. मग त्याला त्या पँटचीही किळस आली.

पडद्यावर पट्टी सरकत होती. चौसष्ट टक्के. कॅबिनेटच्या खाचेत खोचलेल्या पेनड्राइव्हच्या टोकाशी बारीक दिवा लुकलुकत होता. घरातला एकच पेनड्राइव्ह, सोळा जीबीचा, टोपण हरवलेला. त्यात एक तर विंडोजच्या जागी टाकायचं लिनक्स मावणार होतं, नाही तर ते दुसरं... गुरुवारी त्यानं तो लिनक्स भरून घ्यायला धम्मानंदकडे दिला, तेव्हाच हे ठरून गेलं होतं. पण आधी हे स्टिकर.

सकाळी आठला त्यानं कॅबिनेट उघडलं होतं. आतल्या पंख्यावर कापूस बसला होता. सेलूत हंगामात तो सगळीकडेच बसतो. जिनिंगांतून उडालेले तंतू खिडकीच्या जाळीतून येतात, भाकरीच्या टोपलीवरच्या फडक्यावर बसतात, डोळ्यात जातात. पण पंख्यातला कापूस पांढरा राहिला नव्हता. त्याची काळी, ओलसर वाटावी अशी वळकटी झाली होती, आणि ती चिमट्यानं ओढताना कुणाच्या तरी नाकातून काही ओढून काढतोय असं त्याला वाटलं होतं. स्वच्छ करायचं. आतून, बाहेरून, एकदाच. रविवार होता, अठरा जानेवारी. जिनिंगचा काटा बंद होता. आठवडाभर तो त्या काट्यावर बसतो. भरलेल्या गाडीचं वजन, रिकाम्या गाडीचं वजन, मधला फरक म्हणजे माल. चौदा वर्षांत त्याच्या फरकात चूक निघालेली नाही.

"अहो, आजून किती येळ?" बबितानं स्वयंपाकघरातून विचारलं. ती मेथी निवडत होती.

"अर्धा तास."

"बिघडलं होतं का त्ये?"

"बिघडलं नव्हतं. विंडोज दहा बंद झालं ना ऑक्टोबरात. अकरा ह्या मशीनवर चढत नाही."

कारण खरं होतं. सगळीच कारणं खरी होती. आपलंच मशीन आणि आपल्यालाच विचारल्याशिवाय ते पुन्हा सुरू व्हायचं. पडदाभर पान पसरून 'नवा संगणक घ्या' म्हणून सुचवायचं. न मागितलेल्या बातम्या, न मागितलेल्या जाहिराती – दारात पथारी टाकून बसलेल्या परक्या माणसासारखं सगळं. लिनक्सवर हे काही नाही, आणि स्टीम या ऑनलाइन दुकानातले बहुतेक गेम आता त्यावरही चालतात, असं त्यानं तीन आठवडे वाचून पक्कं केलं होतं. कोणते चालत नाहीत याची यादीही वाचली होती. त्या यादीत आपला रविवारचा गेम आहे, हे वाचून त्याला जे वाटलं होतं ते वाईट वाटणं नव्हतं. एवढं त्याला आठवत होतं.

एकाहत्तर टक्क्यांवर फोन वाजला. वैजीनाथ.

फोन कानाला लावला की आधी तो आवाज येतो. तोंडातला. गुटख्याचा लगदा एका गालातून दुसऱ्या गालात जाण्याचा, मग दातांमागून लाळ ओढून घेण्याचा. दहा वर्षं, दर रविवारी अकरा ते एक, हेडफोनमधून हा आवाज ओमप्रकाशच्या कानात, म्हणजे अगदी कानाच्या आत, होत आला होता. समोरासमोर बसलं तर माणूस तोंड फिरवू शकतो. हेडफोनपासून तोंड फिरवता येत नाही.

"काय ओम्या, अकराला येतूस ना? जालन्याची दोन पोरं बी हायेत आज. धुऊ त्यांना."

"मी लिनक्स टाकायलोय."

"काय टाकायलास?"

"लिनक्स. विंडोज काढलं."

"आरं, डोक्यावर पडलास का काय? चांगलं चालायलं होतं की."

"त्याच्यावर आपला गेम चालत नाही. गेमवाल्यांचं ते चोरी पकडणारं सॉफ्टवेअर असतं ना, ते लिनक्सला आत घेत नाही."

लाळ ओढली गेली. मग लांबवर कुठंतरी थुंकल्याचा आवाज. परभणीत वैजीनाथचं मोबाइलच्या कव्हरांचं दुकान आहे आणि दुकानाच्या पायरीचा डावा कोपरा कायम लाल असतो.

"म्हंजी येणारच न्हाईस? कायमचं?"

"कायमचं."

"ज्याची खाज त्याला म्हाईत, बाबा. आसू दे. उद्याचं ध्यानात हाय ना? राणीसावरगावला बैठक हाय धा वाजता. सासऱ्यानं धा माणसं गोळा केलीत. तू नुसता माझ्या बाजूला बस. म्हणायचं, मी धा वर्षं ह्याला ऐकायलोय, ह्यानं कधी हात उचलला न्हाई. तुझं ऐकतील. तूच तर कानात असतूस माझ्या."

"हूं," ओमप्रकाश म्हणाला.

फोन ठेवल्यावर त्यानं कान पुसला. रुमालानं, आतपर्यंत. हूं म्हणजे काय? हूं म्हणजे हो नाही. हूं म्हणजे ऐकलं. एवढंच.

सत्याहत्तर टक्के.

बुधवारी सविताचा फोन आला होता – वैजीनाथच्या बायकोचा, माहेरून. काट्यावर गाड्यांची रांग होती, तरी त्यानं उचलला. ती रडत नव्हती. रडली असती तर त्याला काहीतरी समजुतीचं बोलता आलं असतं.

"भाऊजी, तुमी तवा खेळत होता ना त्यांच्यासंगं? दिवाळीनंतरच्या त्या रविवारी? ह्ये म्हणायलेत, मी बोट बी लावलं न्हाई, तीच पडली न्हाणीत. आमच्या आण्णाला, सख्ख्या बापाला बी आता तसंच वाटायलंय. तुमाला आलं आसंल की ऐकू."

आणि तो म्हणाला होता – का म्हणाला, कुणास ठाऊक – "माझ्याकडं रेकॉर्डिंग असेल बहुतेक. बघतो. सोमवारच्या आत पेनड्राइव्हवर देतो."

बहुतेक कशाचं? होतंच. सोळा नोव्हेंबर, अकरा बेचाळीस, डी ड्राइव्ह, 'क्लिप्स' नावाचं फोल्डर. खेळात काही झकास जमलं की एक कळ दाबायची, मागचे तीस सेकंद आपोआप जपून राहतात – पडद्यावरचं चित्र आणि हेडफोनमधले आवाज. त्या दिवशी त्यानं एका दमात तीन गडी टिपले होते. कळ दाबली ती त्या तीन गड्यांसाठी. नंतर ऐकली तेव्हा त्यात बाकीचंही होतं. सविताचं काहीतरी विचारणं, शब्द न कळणारं. मग वैजीनाथचं, "थांब, तुज्या मायला." मग ओला कपडा दगडावर आपटावा तसा आवाज, एकदा, दुसऱ्यांदा. मग स्टीलचा पेला फरशीवर पडून घरंगळत गेल्याचा आवाज, थांबेपर्यंत सात सेकंद. त्यानं मोजले होते. आणि त्या सात सेकंदांतच दुसरा एक आवाज, स्पष्ट, उत्साही – "डावीकडं बघ वैज्या, डावीकडं!"

तो आवाज त्याचा होता. शेवटचे तीन सेकंद दोघांच्या हसण्याचे. डाव जिंकला होता म्हणून तो हसला. नाही – मी हसलो. पेला थांबला आणि मी हसलो.

ती क्लिप त्यानं चार वेळा ऐकली होती. पुसली नव्हती. पुसणं म्हणजे आपण काहीतरी केलं असं झालं असतं.

शंभर टक्के. पेनड्राइव्ह काढा आणि एंटर दाबा, असं आलं. त्यानं काढला, गरम झाला होता, जिवंत असल्यासारखा. एंटर दाबलं. पडदा काळा झाला, उजळला, आणि मग ते दिसलं – करडंनिळं, रिकामं, एकही चित्र नसलेलं. धुतलेल्या पाटीसारखं. बातम्या नाहीत, जाहिराती नाहीत, कोपऱ्यातून कुणी डोकावत नाही. त्याच्या छातीतलं काहीतरी सैल झालं. किती दिवसांनी.

मग त्यानं फायलींची खिडकी उघडली. होम. डाउनलोड्स. पिक्चर्स. सगळी फोल्डरं रिकामी. त्यानं डावीकडं पाहिलं, खाली पाहिलं. डी कुठं होता?

बारावीनंतर दोन वर्षं तो एका सायबर कॅफेत होता. मालकानं पहिल्या दिवशी शिकवलेली गोष्ट – फॉरमॅट म्हणजे विंडोज असतं तो सी उडवायचा, डीला हात लावायचा नाही. गिऱ्हाइकाचा जीव डीत असतो. लग्नाचे फोटो, सातबाऱ्याचे स्कॅन, मेलेल्या बापाचा आवाज, सगळं डीत. त्यानं स्वतः शेकडो मशीनं अशी उडवली होती, आणि गिऱ्हाइकं धास्तावून विचारायची तेव्हा तो म्हणायचा, डीत आहे ना? मग काही होत नाही. आज सकाळी लिनक्सनं विचारलं, पूर्ण डिस्क पुसू का, आणि त्याच्या बोटानं हो म्हटलं. डिस्क म्हणजे सी. बोटाला तसंच ठाऊक होतं.

त्यानं धम्मानंदला फोन लावला. धम्मानंद जिंतूरला पॉलिटेक्निकच्या लॅबमध्ये आहे. सगळं लिनक्स त्याच्याकडूनच.

"आरं, माझा डी दिसेना गेलाय."

"दादा, तितं सी न् डी आसलं काय नसतंय. आख्खी डिस्क म्हंजी आख्खी."

"पण डी तर वेगळा..."

"एकाच डिस्कचे दोन वाटे होते ते. गुरुवारी मी दोनदा इचारलं की तुमाला, डीमधलं कुठं काढून ठिवलं का म्हणून. तुमी हाव म्हणलात."

"मी हाव म्हणालो?"

"दोन्ही बारीला. च्या पिऊलालतो की आपण. एसएसडी डिस्क हाय ना तुमची? मग त्यातून परत येणं मुश्कील हाय. काय होतं एवढं? गेमचं सेव्ह आसंल तर ते ऑनलाइन राहतंय."

"नाही. तसं काही नव्हतं."

चहा आठवत होता. स्टँडसमोरची टपरी, कपाला लागलेली साय, ती बोटानं काढून त्यानं बाकाला पुसली होती. धम्मानंदचे ओठ हलताना आठवत होते. प्रश्न आठवत नव्हता. म्हणजे ऐकू आला नव्हता? का आला होता, आणि तो दुसरीकडं बघत होता... डावीकडं? चौदा वर्षं ज्याच्या फरकात चूक नाही, त्या माणसाला एक प्रश्न दोनदा विचारला जातो आणि तो दोनदा हो म्हणतो. भरलेली डिस्क आणि रिकामी डिस्क. काट्यावर ठेवली तर दोन्हींचं वजन सारखंच भरेल.

मग त्यानं जे केलं त्याचं त्यालाच नवल वाटलं. त्यानं स्टीम चढवलं, विंडोजचे गेम लिनक्सवर चालवणारं ते प्रोटॉन सुरू केलं आणि ट्रक चालवायचा आपला जुना गेम उतरवून घेतला. तो एकट्यानं खेळायचा. चालतो का बघू. चालला. पहिल्यापेक्षा हलका चालला, एक झटका नाही. कुठल्यातरी थंड देशातला रुंद रस्ता, दोन्ही बाजूंना हिरवं, माणूस नाही. हेडफोनमध्ये फक्त इंजिन आणि टायर. चघळणं नाही. पावणेबारा झाले होते. दहा वर्षांत पहिल्यांदा रविवारी पावणेबाराला त्याच्या कानात कुणीही नव्हतं.

रस्ता वळला. इंजिनाच्या घरघरीखाली काहीतरी घरंगळत होतं. पोकळ, धातूचं, गोल. एक, दोन, तीन... त्यानं आवाज कमी केला. घरंगळणं कमी झालं नाही. सहा. सात.

"डावीकडं बघ."

"कुणाशी बोलायलात?" बबिता दारात उभी होती, हात ओले. तिनं पडद्याकडं पाहिलं. "आज त्यो वैजीनाथ न्हाई जणू. बरं झालं. कसं धुतल्यावानी वाटायलंय घर."

"हो," तो म्हणाला.

ती गेली. ट्रक रस्त्याच्या कडेला जाऊन थांबला होता, इंजिन चालूच. टेबलावर फोन थरथरला. सविता वहिनी. तो बघत राहिला. सांगता येईल – वहिनी, मशीन बदललं, त्यात सगळं गेलं, काहीच उरलं नाही. यातलं एक अक्षर खोटं नव्हतं. आणखी एक खरं कारण. त्याला खऱ्या कारणांची शिसारी आली. ती सगळी त्याच्या नखातल्या त्या डिंकासारखी होती, पुसावीत तिथं लागणारी.

पेनड्राइव्ह दिला असता तर उद्या बैठकीत तो पेनड्राइव्हच बोलला असता. ओमप्रकाशला सतरंजीकडं बघत बसता आलं असतं. हसण्याच्या आधी बंद करा, एवढं फार तर कुणाला तरी हळूच सांगता आलं असतं. आता बंद करायला काही नव्हतं. जे पुसलं गेलं ते जसंच्या तसं इथं, त्याच्या कानांत होतं, पेल्यासकट, हसण्यासकट, आणि ते वाजवायला दुसरं यंत्र नव्हतं.

फोन थरथरायचा थांबला. मग पुन्हा सुरू झाला.

त्याच्या तोंडात पाणी आलं. आंबट, कोमट, जिभेखालून भरून येणारं. त्यानं ते दातांमागून ओढून घेतलं, आणि तो आवाज त्यानं ऐकला – कुठल्याही हेडफोनमधून न आलेला, त्याच्या स्वतःच्या तोंडातला. थुंकायला उठावं असं त्याला वाटलं, पण तो उठला नाही. घशाशी काहीतरी येऊन थांबलं होतं. ते उलटीचं होतं की बोलण्याचं, हे तोंड उघडल्याशिवाय कळणार नव्हतं.