वहीत लिहिलेलं आन्सेल्मोचं नाव

मित्रांनो, मी गवंड्याचा ओळंबा. अंगानं पितळेचा, खाली पोलादी टोक. दोरीला टांगलं की थोडा झुलतो, मग थांबतो आणि भिंत सरळ आहे की नाही ते सांगतो. याहून जास्त मला काही येत नाही. आता मी जुना झालो आहे.

अमेरिकेतल्या फॉल रिव्हर गावात आन्सेल्मो फुर्तादोनं मला विकत घेतलं. अझोरेस बेटांवरून आलेला हा गवंडी मितभाषी होता. लिहिणं त्याला जेमतेम यायचं. पण त्याची भिंत बघायला लोक रस्त्यात थांबत.

एकोणीसशे सत्तावन्न साली त्यानं व्हिटकॉम्ब नावाच्या मालकाच्या तीन मजली हॉटेलच्या भिंती बांधल्या. काम क्रॅन्डल या ठेकेदाराकडून मिळालं होतं. शेवटची वीट बसली आणि क्रॅन्डल गाव सोडून पळाला. आन्सेल्मो आणि त्याचे दोन जोडीदार मजुरीवाचून राहिले.

तो व्हिटकॉम्बकडे गेला. व्हिटकॉम्बनं वर न बघताच सांगितलं, "मी क्रॅन्डलशी व्यवहार केलाय. तू कोण, मला ठाऊक नाही."

महिने गेले. हिवाळा तोंडावर आला. एका दुपारी आन्सेल्मोनं हातोडा उचलला. "माझ्याच विटा आहेत. उतरवतो वरचा मजला!"

"उतरव की," त्याची बायको देल्फिना म्हणाली. "तुरुंगात कोबीचं सूप आणून देईन तुला. डोकं ठिकाणावर आहे का? आमच्या शिवणकारखान्यातल्या संघटनेचा वकील म्हणतो, भिंत पाडायची नाही, धरून ठेवायची."

"भिंत कशी धरतात?"

"कोट घाल. चल."

मी त्या कोटाच्या खिशातच होतो. जमिनींच्या नोंदींच्या कचेरीत मिस प्रॅट नावाच्या वयस्क कारकूनबाई होत्या. वकिलानं लिहून दिलेला मजुरीच्या हक्काचा कागद वाचून त्यांनी चष्म्यावरून बघितलं.

"शेवटची वीट कधी लावलीत?"

आन्सेल्मोनं तारीख सांगितली. बाईंनी बोटांवर हिशेब केला. "आज सत्त्याऐंशीवा दिवस. हक्क नोंदवायची मुदत नव्वद दिवसांची. आणखी चार दिवस रुसून बसला असतात, तर मीही काही करू शकले नसते."

"पण बाई, जमीन तर त्याची आहे."

"जमीन त्याचीच. पण तुमच्या विटा आता तिच्यापासून सुट्या होतील का? नाही ना? मग तुमचं देणं फिटेपर्यंत ती इमारतच तारण."

त्यांनी कागदावर शिक्का मारला. आन्सेल्मो एकटक बघत राहिला. मित्रांनो, मी कितीतरी उंच भिंतींवरून लोंबकळलो आहे, पण त्या दिवसासारखं थक्क कधी झालो नाही. एक पातळ कागद, आणि तीन मजल्यांची इमारत त्यानं जागच्या जागी धरून ठेवली!

वकिलानं पुढे वेळेत दावाही लावला. वसंतात बोस्टनची एक कंपनी हॉटेल विकत घ्यायला आली. तिच्या माणसांनी नोंदी चाळल्या आणि विचारलं, "हा फुर्तादो कोण? याचं नाव निघाल्याशिवाय आम्ही सही करणार नाही."

दुसऱ्याच दिवशी व्हिटकॉम्ब शोधत आला. आन्सेल्मो एका घराचं धुराडं बांधत होता, मी दोरीला टांगलेला. व्हिटकॉम्बनं खालून हाक मारली, "मिस्टर फुर्तादो! अर्ध्यावर मिटवून टाकू या का?"

"चालेल साहेब. मग विकताना दीडच मजला विका."

व्हिटकॉम्ब कसनुसं हसला. पण आठवड्यात पुरे पैसे आले. आन्सेल्मोनं आधी जोडीदारांची मजुरी दिली, मग देल्फिनाला घेऊन हक्क सोडल्याची सही करायला कचेरीत गेला.

"आता ते पान फाडणार?" त्यानं दबक्या आवाजात विचारलं.

"पान कधीच फाडत नाहीत," मिस प्रॅट म्हणाल्या. "देणं फिटलं, एवढीच नोंद होते. नाव राहतं."

त्यांनी जाडजूड वही त्याच्याकडे वळवली. आन्सेल्मोनं टोपी काढली. चुन्यानं भेगाळलेलं बोट एकेका अक्षराखालून फिरवत त्यानं स्वतःचं नाव वाचलं. मग पुन्हा एकदा वाचलं. देल्फिनानं त्याची बाही धरली.

आन्सेल्मो जाऊन बरीच वर्षं झाली. मी एका खणात पडून आहे. दोरी कुजली, पितळ काळवंडलं. मला घासूनपुसून ठेवलंत तर आनंदच वाटेल. पण त्याआधी एक करा. तुमच्या घराची भिंत ज्यानं उभी केली, त्याचं नाव घरातल्या मोठ्यांना विचारा. आणि त्याची मजुरी पुरी दिली होती का, तेही विचारा.