भिंतीकडे तोंड

“ही भिंत म्हणजे एका राष्ट्राने जगाकडे फिरवलेली पाठ आहे!” वारसा खात्याच्या बाईंनी हात उंचावून जाहीर केलं आणि पुराव्यादाखल भिंतीवर थाप मारली. भिंतीतून मूठभर भुसा आणि एक पाल त्यांच्या खांद्यावर पडली. बाई दोन पावलं मागे उडाल्या, खांदा झटकला आणि म्हणाल्या, “वाळवी आहे. पण माझं विधान तेच.”

शेजारी आर्किटेक्टसाहेब काठीवर दोन्ही हात ठेवून उभे होते. ही भिंत त्यांनीच काढली होती, म्हणजे कागदावर. आणि कागदावर ही बाजू आतली होती.

तरुणपणी त्यांनी हे राष्ट्रीय दालन परदेशातल्या एका जागतिक प्रदर्शनासाठी बांधलं. उभ्या रुंद फळ्यांची भिंत, आणि प्रत्येक फळीवर त्यांच्या सुतारमिस्त्रींनी कोरलेलं देशातलं एकेक माणूस. पोस्टमन, शाळामास्तर, पोटुशी बाई, जांभई देणारा शिपाई. सगळे दारात पाहुण्यांची वाट बघत उभे असल्यासारखे. लोक रांगा लावून बघून गेले. प्रदर्शन संपल्यावर दालन सुटं करून बोटीने घरी आणलं, शहरातल्या बागेत पुन्हा उभं करायला. फळ्यांवर नंबर घातले होते, अर्थात पाठीवर. कोरलेल्या माणसाच्या तोंडावर डांबराने नंबर कोण घालतो?

पण इथलं काम होतं बांधकाम खात्याकडे, आणि खात्यात तपासणी असते. मोठे साहेब येणार, ओळीने नंबर मोजणार, मग सही करणार. नंबर आतल्या बाजूला गेले तर त्यांनी मोजायचे कसे? तेव्हा खात्याने सगळ्या फळ्या नंबर बाहेर ठेवून ठोकल्या. मोठ्या साहेबांनी नंबर मोजले, एकही कमी नव्हता, ते खूश झाले. मग नंबरांवर रंग फासला, आतून प्लायवूड मारलं, आणि मिस्त्रींची सगळी माणसं मधल्या वीतभर अंधारात गेली.

उद्घाटनाच्या दिवशी आर्किटेक्टसाहेब धावतपळत बागेत पोचले, तेव्हा मंत्र्यांचं भाषण चाललं होतं. “जगापुढे नटूनथटून गेलेला आपला देश घरी आल्यावर किती साधा असतो!” टाळ्यांचा कडकडाट झाला. टाळ्या थांबल्या की सांगून टाकू, असं साहेबांनी ठरवलं. त्या थांबल्याच नाहीत. पुढे त्या टाळ्यांचं पदक झालं, मग पाठ्यपुस्तकातला धडा झाला, आणि अलीकडे बाईंचा प्रबंध झाला.

त्या दिवशी टाळ्या न वाजवणारे एकटे मिस्त्री होते. ते मागच्या रांगेतून उठून जवळ आले.

“साहेब, आमची माणसं भिंतीकडे तोंड करून उभी केलीत. शाळेत पोरांना करतात तशी. काय चुकलं हो त्यांचं?”

“फिरवू, मिस्त्री. पहिल्या दुरुस्तीला फिरवू. शब्द देतो.”

त्यानंतर मिस्त्री रस्त्यात कुठेही भेटले की आशेने विचारायचे, “झाली का हो खराब?” पण दालन भलतंच टणक निघालं. आधी मिस्त्रीच खराब झाले, आणि गेले.

आता कुठे वाळवीने मनावर घेतलं होतं.

“या, आत या,” बाई म्हणाल्या. “एका ठिकाणी प्लायवूड उघडून ठेवलंय.”

आत उजेड बेताचा होता. उघडलेल्या जागेतून जांभई देणारा शिपाई बाहेर बघत होता. त्याच्या तोंडात गांधीलमाशीने मातीचं घर केलं होतं. साहेब बराच वेळ त्याच्यापुढे उभे राहिले.

“बाई, फळ्या सगळ्या निघतील ना आता?”

“एकूण एक. औषध मारायचं, आणि परत जागच्या जागी.”

“लावताना तेवढ्या फिरवा.”

“म्हणजे?”

“तोंडं बाहेर. ती पाठबीठ कुणी फिरवली नाही हो. नंबर मोजायला सोपे पडावेत म्हणून खात्याने उलट्या ठोकल्या.”

बाई मोकळेपणी हसल्या. साहेब हसत नाहीत असं पाहिल्यावर हळूहळू थांबल्या आणि तिथल्याच एका खोक्यावर बसल्या.

“माझा अख्खा प्रबंध आहे यावर, सर.”

“वाचलाय. चांगला लिहिलाय. मलासुद्धा पटत आला होता.”

“हे आणखी कुणाला माहीत आहे?”

“मिस्त्रींना होतं. त्यांना शब्द दिलाय मी.”

बाईंनी चष्मा काढून पुसला, परत घातला.

“सर, इथे वाहनतळ व्हायचा होता. दालन संरक्षित यादीत गेलं म्हणून थांबलाय. आणि यादीत गेलं ते या कोऱ्या पाठीमुळे. कोरीवकाम काय, ढिगाने आहे, असं समितीने मला तोंडावर सांगितलं. फळ्या फिरवल्या की नाव यादीतून गेलंच. मग बुलडोझर. तुमच्या शिपायाचं तोंड बाहेर काढाल, पण ठेवाल कुठे?”

“म्हणजे बोलायचं नाही?”

“बोला ना. इमारत तुमची आहे. मी नाही अडवणार.”

साहेबांनी खिशातून रुमाल काढला. काठीच्या टोकाने मातीचं घर पाडलं, मग शिपायाच्या गालावरची धूळ पुसली, कपाळ पुसलं, मिशांच्या खाचांतून रुमालाचं टोक फिरवलं. मग भिंतीशी टेकवलेल्या प्लायवूडला हात घातला.

“तिकडून धरा जरा.”

बाई उठल्या. दोघांनी मिळून फळकूट जागेवर टेकवलं. शिपाई दिसेनासा झाला.

“खिळे उद्या मारतील माणसं,” बाई म्हणाल्या.

“हळू मारा म्हणावं.”

मग बाईंनी पिशवीतून प्रबंधाचं पुस्तक काढलं. मुखपृष्ठावर भिंतीचा फोटो होता, कोरीकरकरीत पाठ. त्यांनी पहिलं पान उघडून पुढे केलं, वर पेन ठेवलं. काय हवंय ते सांगायला मात्र त्यांना धीर झाला नाही.

साहेबांनी काठी काखेत धरली आणि सावकाश, पूर्ण नावाची सही केली. पुस्तक मिटून परत दिलं आणि दाराकडे वळले.

“सर!”

ते एकदम थांबले. काहीतरी वाट निघाली असेल, बाईंना काही सुचलं असेल, अशा आशेने वळून पाहिलं.

“पेन तेवढं माझं आहे,” बाई ओशाळून म्हणाल्या. “देता?”