से गाजी

तापवलेली फिल्म दुधासारखी पांढरी झाली होती. मी काच उजेडाकडे धरली, पुसली, पुन्हा धरली. पांढरी ती पांढरीच.

चार वर्षं मी एकाच गोष्टीमागे होते. मी फिल्मसाठी मिसळते ती दोन प्लास्टिकं तापली की फारकत घेतात आणि फिल्म गढूळ होते. पण त्यातल्या एकाचे रेणू सरळ दोऱ्यासारखे न घेता तीन फांद्यांचे घेतले, तर तेवढ्याच उष्णतेत दोन्ही एकजीव राहायला हवीत. गुरुवारी परीक्षक येणार होते. पीएचडीच्या मार्गदर्शक ग्वाक सरांनी बजावलं होतं, "दासोम, गढूळ आली तर आणखी एक वर्ष." मी भोकाडच पसरलं. अख्ख्या देजॉन शहराला ऐकू गेलं असेल.

प्रयोगशाळेचे तंत्रज्ञ बोक सर धावत आले. वीस वर्षं इथे नमुने बनवतायत, शब्दाला पक्के.

"काय झालं, दासोम? मी तर तुमच्या चिठ्ठीबरहुकूम केलं."

"काय होतं चिठ्ठीत?"

"से गाजी घाला. घातल्या की! सरळ, तीन-फांदी, कंगव्यासारखे दातेरी. तिन्ही बाटल्या, अगदी समसमान."

आमच्या कोरियन भाषेत से म्हणजे तीन, गाजी म्हणजे फांदी, आणि गाजी म्हणजे प्रकारही. मला तीन फांद्यांचे रेणू हवे होते, या भल्या माणसाने तीन प्रकार घातले. त्यात सरळही आले, मग गढूळ होणारच! चिठ्ठी मीच घाईत खरडलेली, तरी ओरडले मीच.

"अहो, गाजी म्हणजे वांगंही! ती तीन का सोडलीत?"

"कॅन्टीन बंद होतं," ते एवढंसं तोंड करून म्हणाले.

रडता रडता मला हसूच फुटलं.

त्यांनी लगेच फक्त तीन-फांदीवाली नवी फिल्म ओतली. रात्रभर सुकली. बुधवारी दुपारी आम्ही दोघं फिल्म तापवायच्या पट्टीवर वाकून उभे होतो.

"एकशे वीस अंश," बोक सर म्हणाले. "सरळवाली इथेच गढूळ होते."

एकशे पंचवीस. एकशे तीस. फिल्म काचेवर आहे की नाही, तेच कळेना, इतकी नितळ.

"सुटलो बुवा!" बोक सर मटकन स्टुलावर बसले.

जिन्यात येऊन मी आईला फोन लावला. तिला रेणूतलं ओ की ठो कळत नाही. चार वर्षं दर रविवारी ती एकच विचारते.

"मिसळलं का गं?"

"मिसळलं, ऑम्मा."