काळं कठीण

“म्हण की! ते-मिर-बेक. त्यात काय काटे आहेत?”

“तोंड उघडतं, वन्सं. नाव तेवढं येत नाही.”

अंगणात नमद्याचा, दाबलेल्या जाड लोकरीचा तंबू उभारला होता. आत पडद्याआड तेमिरबेक निजला होता, कायमचा. पडद्याच्या अलीकडे त्याची बायको उम्सुन आणि थोरली बहीण उलकान तंबूच्या भिंतीकडे तोंड करून बसल्या होत्या. नारिन गावाकडचे नातलग येण्यातच होते. ते घोड्यांवरून उतरताच विधवेचं शोकगीत त्यांच्या कानी पडायला हवं, अशी आमची रीत.

“चाळीस वर्षं संसार केलास ना?”

“म्हणूनच येत नाही.”

आमच्या बायका नवऱ्याचं नाव घेत नाहीत. त्यात तेमिर म्हणजे लोखंड. उम्सुनने तो शब्दही कधी उच्चारला नाही. लोखंडाला ती ‘काळं कठीण’ म्हणायची. दुकानात खिळे मागायचे तर काळ्या कठीणाचे. आगगाडीच्या रुळांना आम्ही लोखंडी वाट म्हणतो, ती म्हणायची काळी कठीण वाट. तेमिरबेक मुद्दाम चारचौघांत विचारायचा, “अगं, ही कढई कशाची?” ती मान खाली घालून म्हणायची, “तुमचीच.” मग तो घरभर हसत सुटायचा.

“नावच नाही, तर गाणं त्याला पोचायचं कसं?” उलकान म्हणाली. “कुणासाठी रडतेस हे त्याला कळायला नको? म्हणून तर कनिमला बोलावलंय. ती दहादा नाव घेईल. तिचं काय जातंय!”

कनिम दाराशी येऊन बसलीच होती. लोकांच्या मयताला गाणं हाच तिचा धंदा.

“नको, वन्सं. तिला त्यांचं काय ठाऊक? चहा कसा लागायचा तेसुद्धा नाही. शेवटचं बोलणं तरी मला बोलू द्या.”

“बोल. अडलीस तर मात्र कनिम उचलेल.”

बाहेर टापा वाजल्या. “अरे माझ्या भावा!” असा पुरुषांचा हंबरडा उठला. उम्सुनने दोन्ही हात कमरेवर घट्ट दाबले आणि सूर लावला. जन्मभर अहो-जाहो करणारी ती, गाण्यात अरे-तुरेवर आली.

“हिवात थिजले मी, तू शेगडी झालास रे,
चटका नाही दिलास, ऊब ठेवून गेलास रे.
घोडी उभी दारात, पाणी तिला दावायचं,
तुझ्यावाचून तिनं रे कुणामागं जावायचं?
ऊठ, घोडी बोलावते, ऊठ माझ्या…”

ती थांबली. ओठ हलले, आवाज फुटला नाही. बाहेरचं रडणंही थबकलं. कनिमने घसा साफ केला.

मागे न बघताच उलकानने हात वर करून तिला थोपवलं. मग लहानपणी कुरणातल्या धाकट्या भावाला जेवायला हाक मारली असेल, तशी ती ओरडली, “तेमिरबेऽऽक!”

उम्सुनने डोक्यावरचं फडकं कपाळावर पुढे ओढलं. गुडघे आवरून ती थोडी सरकली, शेजारी एका माणसापुरती जागा केली आणि पुढचं कडवं धरलं. ते संपताना पुन्हा गप्प झाली, पुन्हा उलकानने हाक दिली. कनिम कधी उठून गेली ते कुणाला कळलं नाही.

दिवसभर बायका येत राहिल्या, दाटीवाटीने बसत राहिल्या. त्या जागेवर मात्र कुणी बसलं नाही.