एसटीतलं वाळवण

मी रागीट आहे, कबूल. पण पेणच्या बाईला तुमचे पापड जाड असतात असं भर पंगतीत म्हटलं, तर कोण गप्प बसेल? माझी भावजय हौसा तसं म्हणाली. मी हात धुतले आणि रोह्याचं माहेर सोडून जी आले, ती तीन वर्षं तिकडे फिरकले नाही.

मग तिच्या मुलीचं, रंजनाचं लग्न ठरलं. आमच्या घरची रीत अशी की रुखवतावर आत्याच्या हातचे एकशे एक पोह्याचे पापड मांडायचे. रंजनाला आत्या मी एकच. बारशाला तिच्या कानात नावसुद्धा मीच सांगितलेलं. भाऊ दिनानाथ पत्रिका घेऊन आला, तेव्हा मी विचारलं, "हौसानं बोलावलंय का मला?" तो मान खाली घालून बशीतला चहा पीत राहिला. मग मीही हट्टाला पेटले. म्हटलं, तिच्या तोंडून निरोप आल्याशिवाय पोळपाटाला हात लावणार नाही.

लग्न मंगळवारचं. शनिवारी संध्याकाळी शेजारच्यांच्या फोनवर हौसाचा निरोप आला, "वन्सं, पापड आलं नायत अजून." झालं, एवढंच! 'या' नाही, काही नाही. पण रंजनाचं तोंड डोळ्यांसमोर आलं आणि मी मुकाट्यानं पीठ कुटायला घेतलं. ठरवलं, डबा दारात द्यायचा आणि आल्या पावली परत फिरायचं.

रविवारी लाटले सगळे. पण एप्रिलची ती हवा! पेणला आमच्या रामवाडीत नुसतं बसलं तरी पोलकं पाठीला चिकटत होतं. खाडीवरनं वारा यायचा तोही ओला. पोह्याचे पापड आम्ही सावलीतच वाळवतो, उन्हात ते तडकतात. ते सावलीत पडून राहिले ते राहिलेच. सोमवारी दुपारपर्यंत चादरीच्या तुकड्यांसारखे मऊ! तसेच डब्यात भरले आणि रोह्याची एसटी पकडली. उशीर माझ्याच हट्टापायी झालेला, बोलणार कुणाला?

वडखळच्या पुढे जीव राहवेना म्हणून डबा उघडला. आई गं! पापडांना घाम सुटलेला, एकमेकांना चिकटायला लागलेले. आता हौसाच्या पुढ्यात हा गोळा ठेवायचा? माझ्या डोळ्यांत टचकन पाणी आलं. त्यापेक्षा डबा खाडीत टाकलेला बरा, असं वाटलं.

शेजारी धाटावच्या कंपनीत जाणारा एक जण बसला होता, हिरामण नावाचा. म्हणाला, "मावशी, काय झालं?" मी सगळं सांगितलं, हौसाच्या पंगतीसकट. त्यानं एक पापड अलगद सोडवला, दोन्ही हातांत धरला आणि खिडकीशी नेला. गाडी पळत होती, वारा गरम होता. नागोठण्याच्या अलीकडेच पापडाची कड ताठ झाली!

"दे गो मावशी, माझ्याकडं चार दे," पुढची बाई म्हणाली. मग काय, पुढून मागून हात यायला लागले. जो तो खिडकीशी पापड धरून बसला. मधल्यांच्या मांडीवर वर्तमानपत्रं आणि त्यावर पापड. पोपट नावाचा कंडक्टर ओरडला, "बाई, ही एसटी हाय का गच्ची?" मी म्हटलं, "भाच्चीचं लग्न हाय उद्या. धर हे दोन." त्यानं कपाळावर हात मारला आणि तिकिटाची पेटी बाजूला सारून धरले बिचाऱ्यानं!

भिसे खिंडीत गाडी हळू चढायला लागली तशी ड्रायव्हरला सगळे ओरडले, "अरं, पळव, वारा पडला!"

रोह्याला उतरताना प्रत्येकानं आपापले पापड डब्यात आणून ठेवले. कडक, खडखडीत. मी सगळ्यांना हात जोडले.

हौसा दारातच उभी होती. मी डबा पुढे केला. ती पायरीवर बसली आणि माझ्यादेखत मोजायला लागली. माझं डोकं तापलं. "चौऱ्याण्णव," ती म्हणाली.

मी चपापलेच. एक खिडकीतून उडालेला, तो मी पाहिला होता. एका म्हाताऱ्यानं दोन कच्चेच खाल्ले, तेही ठाऊक होतं. चार घेऊन ती पुढची बाई नागोठण्यालाच उतरली असणार! सगळी हकिगत सांगावी लागली. ऐकता ऐकता हौसा तोंडाला पदर लावून हसायला लागली. शेवटी तिला ठसका लागला.

मग एकदम तोंड घट्ट करून म्हणाली, "सात कमी असलेला रुखवत मी मांडायची नाय."

"मग आता सात कुठनं आणू गं मी?" मी कडाडले.

"कुठनं म्हंजे? पोळपाट आत हाय, पीठ मी कुटते. रातभर पंख्याखाली वाळतील." ती उठून दारातून बाजूला झाली. आवाज जरा उतरला. "तीन वरसं झाली वन्सं, तुमच्याशी भांडल्याबिगर घर खायला उठतं. रंजनीची पाठवणी झाल्याबिगर जायचं नाय."

परतीची गाडी अर्ध्या तासानं होती. मी चपला काढल्या.