बाटलीत पाणी कोण घालतं?

मी एक जुना काचेचा पेला आहे, कडेला टवका उडालेला. सहा भावंडांतला मी एकटाच उरलोय. मित्रांनो, माझ्यात सरबत कमी आणि दारूच जास्त ओतली गेली, हे आधीच सांगून टाकतो.

घड्याळं दुरुस्त करणाऱ्या एका माणसाच्या घरी मी आलो. दुकानातून आला की तो हाक मारी, "छकुले, पेला आण गं!" सहा वर्षांची लेक मला दोन्ही हातांनी धरून आणायची आणि माझ्यावरच्या निळ्या रेघेपर्यंत अचूक ओतायची. "एक थेंब इकडचा तिकडे नाही! बापाचा हात आलाय पोरीला," असं काका-मामा म्हणत. खुशीत येऊन बाप तिला बोट बुडवून चाटू देई. तिचं वाकडं तोंड पाहून सगळे पोट धरून हसत. तेव्हा मीही भाव खाल्ला. आज त्याची लाज वाटते.

आईला हे बघवत नसे. पण नवऱ्याला तोंडावर बोलायची तिची छाती नव्हती. ती गुपचूप बाटलीतली थोडी दारू मोरीत ओतायची आणि तेवढंच पाणी घालायची. "बाबांना सांगू नकोस हं," असं लेकीला बजावायची. लेक दोघांकडूनही शिकली.

आता ती पंधरा वर्षांची आहे. शाळेतून आली की घरात कुणी नसतं. ती मला काढते, निळ्या रेघेपर्यंत भरते, नाक दाबून पिते. मग बाटलीत पाणी घालते आणि मला धुऊन पालथा ठेवते. आधी आठवड्यातून एकदा, आता रोज. मला किती ओरडावंसं वाटतं, पण काचेला कुठला आवाज?

आज संध्याकाळी बापाने घोट घेतला आणि मला टेबलावर आपटलं.

"हे नुसतं पाणी आहे! तुझेच धंदे ना?"

आई रडकुंडीला आली. "पोरीची शपथ, उन्हाळ्यापासून मी बाटलीला हातसुद्धा लावला नाही!"

"मग काय भूत घालतं पाणी?"

पलीकडच्या खोलीत लेक गणवेशातच जमिनीवर पडली आहे. मला ठाऊक आहे, कारण आज तिने मला तीनदा भरलं.

मित्रांनो, मला फोडा, कचऱ्यात टाका, माझी तक्रार नाही. मला बोलता येत नाही, तुम्हाला येतं. कुणीतरी त्यांना सांगा, आधी त्या खोलीचं दार उघडा. तो अजून तिलाच हाक मारतोय, "छकुले, दुसरी बाटली आण गं!"